तिसऱ्या टोपलीचं नाव

मकरसंक्रांतीच्या आदल्या दिवशी महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरांतून भोगीच्या भाजीचा वास येतो. वांगी, घेवडा, गाजर, ओला हरभरा, वर तिळाचं कूट आणि सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. त्याच दिवशी पहाटे तंजावूरच्या गल्ल्यांतून येतो तो धुराचा वास. तमिळनाडूत भोगी म्हणजे घर झाडूनपुसून जुनंपानं बाहेर काढण्याचा दिवस. उजाडायच्या आत ते दारासमोर पेटवायचं, मग अंगण सारवून, कोलम काढून पोंगलला सामोरं जायचं. सणाचं नाव एकच. मराठी घरात तो दिवस शिजवण्याचा आहे, तमिळ घरात टाकून देण्याचा.

पूर्वी त्या आगीत काय पडत होतं? लव्हाळ्याची फाटकी चटई, झिजलेली केरसुणी, मोडकं सूप, नारळाच्या वाळक्या झावळ्या. सगळं झाडापाल्यातून आलेलं, त्यामुळे धूर व्हायचा तो गवताचा आणि लाकडाचा. आता त्याच दारासमोर फोमच्या गाद्या, रेक्झिनच्या पिशव्या, वायरींची भेंडोळी आणि सायकलचे टायर येऊन पडतात. तमिळनाडूचं प्रदूषण नियंत्रण मंडळ दरवर्षी हात जोडून सांगतं की प्लॅस्टिक आणि टायर जाळू नका. चेन्नईची महापालिका आताशा भोगीच्या आधी काही दिवस घरोघरचं जुनं सामान स्वतःच गोळा करते. शेकडो वर्षांची रीत तीच राहिली, मात्र घरात येणाऱ्या वस्तू बदलल्या. हा बदल पचवायला शेजारपाजारच्या चार माणसांनी एकत्र यावं लागतं, कारण दारासमोरची होळी एकट्यादुकट्या घरानं थांबवली तरी धूर शेजारून येतोच.

तंजावूरला मराठी वाचक सहसा जातो तो बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवरचा भोसल्यांचा शिलालेख पाहायला आणि सरस्वती महाल ग्रंथालयात डोकवायला. व्यंकोजी राजांपासून १८५५ पर्यंत पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ इथं मराठी राजवट होती, आणि तमिळ शेजारी ज्यांना ‘रायर’ म्हणतात त्यांच्या घरांत आजही मराठी बोलली जाते. त्या वाचकानं पुढच्या खेपेला जेबमालैपुरमकडेही एक नजर टाकावी. शहराचा कचरा वर्षानुवर्षं तिथं साठत गेला. त्या ढिगाला वेळोवेळी आगी लागल्या, आजूबाजूच्या वस्तीनं धूर सोसला, आणि शेवटी तो जुना ढीग उपसून, चाळून, माती वेगळी आणि प्लॅस्टिक वेगळं करण्याचं काम हाती घ्यावं लागलं. यंत्रणेच्या भाषेत त्याला बायोमायनिंग म्हणतात.

बारा वर्षांनी उकिरड्याचंही दैव उघडतं, असं मराठीत म्हणतात. ती म्हण बनली तेव्हा उकिरड्यावर शेण, पाचोळा, राख आणि भाजीची देठं पडत होती. बारा वर्षांत त्याचं सोन्यासारखं खत व्हायचं आणि शेतकरी गाड्या भरून ते शेतावर न्यायचा. आजच्या ढिगात बारा वर्षांनंतरही सापडतं ते दुधाच्या पिशवीचं प्लॅस्टिक, आणि त्याला चिकटलेली अशी माती, जी शेतात घालायला कोणी धजत नाही. ओला आणि कोरडा कचरा घरातच वेगळा झाला असता तर त्यातला निम्म्याहून अधिक भाग खत होऊन गेला असता.

वेगळं करण्याची शिकवण तंजावूरला नवी नाही. घंटागाडीबरोबर येणारे सफाई कामगार, ज्यांना तमिळनाडूत ‘तूय्मै पणियाळर’ म्हणतात, दारात उभं राहून दोन शब्द विचारतात: मक्कुम कुप्पै, मक्काद कुप्पै. कुजणारा कचरा आणि न कुजणारा कचरा. शब्द इतके सोपे आणि नादमय आहेत की शाळकरी पोरंही ते म्हणतात. नगरपालिकांनी घरोघर फिरून समजावणारे ‘परप्पुरैयाळर’ही नेमले आहेत. २०१९ च्या १ जानेवारीपासून राज्यात एकदा वापरून फेकायच्या चौदा प्रकारच्या प्लॅस्टिकवर बंदी आहे. २०२१ च्या डिसेंबरमध्ये ‘मींडुम मंजप्पै’ ही मोहीम सुरू झाली, म्हणजे पुन्हा पिवळी पिशवी. लग्नकार्यात अहेराबरोबर मिळणारी हळदी रंगाची कापडी पिशवी मधल्या काळात गावठीपणाची खूण ठरली होती. सरकारनंच ती पुन्हा सन्मानानं लोकांच्या खांद्यावर दिली.

तेव्हा तंजावूरमध्ये उद्या एखादी स्वयंसेवी कचरा समिती उभी राहिली आणि तिनं पुन्हा ‘ओला-सुका वेगळा करा’ अशा पाट्या रंगवल्या, तर ते काम वाया जाणार नाही, पण थोडकंच असेल. ते सांगायला पगारी माणसं आहेत. समितीला करण्याजोगं, आणि समितीवाचून होणारच नाही असं काम वेगळं आहे. ते समजून घ्यायला आधी भंगाराच्या दुकानात जावं लागेल.

तमिळनाडूत भंगाराच्या दुकानाला ‘कायलान कडै’ म्हणतात. हे नाव किनाऱ्यावरच्या कायलपट्टिणमच्या व्यापाऱ्यांवरून पडलं असं लोक सांगतात. जुनं लोखंड आणि डबेबाटल्या देऊन खजूर घ्यायचा, ही तिथल्या कित्येक पिढ्यांच्या लहानपणाची गोड आठवण आहे. फेरीवाला गल्लीत आला की पोरं गंजका खिळासुद्धा शोधून काढायची. मराठी मुलखात हेच काम बोहारणीनं केलं. जुनी लुगडी आणि पँटी घेऊन तिनं घरोघर स्टीलच्या वाट्या पोचवल्या. पुनर्वापर हा शब्द पाठ्यपुस्तकात येण्याआधी कितीतरी वर्षं ही माणसं तो करत होती, कोणत्याही सरकारी मदतीशिवाय, डोक्यावर बोचकं घेऊन. त्यांचे उपकार आपण कधी मोजले नाहीत.

भंगारवाल्याचा नियम सरळ असतो. ज्याला भाव आहे ते तो उचलतो, आणि जिथं भाव नसतो तिथं तो लावला की वस्तू चालत परत येते. याचं ताजं उदाहरण निलगिरीत आहे. दारूच्या रिकाम्या बाटल्या पर्यटक जंगलात फेकायचे आणि फुटलेल्या काचांनी वन्यप्राणी जखमी व्हायचे. मद्रास उच्च न्यायालयानं लक्ष घातल्यावर २०२२ च्या मे महिन्यापासून सरकारी दुकानांनी प्रत्येक बाटलीवर दहा रुपये जादा घ्यायला आणि रिकामी बाटली परत आणली की ते परत द्यायला सुरुवात केली. बहुतेक बाटल्या परत येऊ लागल्या आणि पुढे ही पद्धत इतर जिल्ह्यांत नेली गेली. दहा रुपयांच्या लोभानं का होईना, पण जंगल वाचलं.

म्हणजे ज्याचा वास येतो ते महापालिका नेते, कारण नेलं नाही तर ओरड होते. ज्याला भाव येतो ते कायलान कडै नेतं. मग ज्याचा वासही येत नाही आणि ज्याला भावही नाही, ते कोण नेणार?

विझलेली ट्यूबलाइट. रिमोटमधले संपलेले सेल. मुदत उलटलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या. इन्शुलिनच्या सुया. झुरळांच्या औषधाचा फवारा, रंगाचा तळाशी सुकलेला डबा, जुना पाऱ्याचा थर्मामीटर. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी या सगळ्याला ‘घरगुती घातक कचरा’ असं नाव दिलं आणि ओल्या-सुक्याबरोबर तो तिसरा वेगळा ठेवायला सांगितला. त्याच नियमांत आणखी एक वाक्य होतं, जे फार थोड्या नागरिकांना ठाऊक होतं: दर वीस चौरस किलोमीटर किंवा त्याच्या भागामागे स्थानिक संस्थेनं असा कचरा जमा करण्याचं एक केंद्र उघडायचं होतं. तंजावूरचं क्षेत्र सुमारे ३६ चौरस किलोमीटर धरलं तर हिशोबानं दोन केंद्रं होतात. २०११ च्या जनगणनेत शहरात सव्वादोन लाखांच्या आसपास माणसं होती. एवढ्या घरांच्या सगळ्या ट्यूबलाइट आणि सगळ्या सुया दोन जागी स्वतः नेऊन द्यायच्या. पायी? ऐन उन्हात? सत्तरीतल्या आजींनी?

नियम चांगला होता, पण घर आणि केंद्र यांच्यामधलं अंतर तो भरून काढत नव्हता. ते अंतर चालून जायला शेजारी लागतो. स्वयंसेवी समितीचं खरं काम इथं आहे.

दारातल्या ‘मक्कुम’ आणि ‘मक्काद’ या दोन शब्दांइतकं रुळलेलं नाव तिसऱ्या कचऱ्याला मिळालेलं नाही. मराठीतही तीच स्थिती. ‘ओला’ आणि ‘सुका’ घरोघर पोचले, ‘घरगुती घातक’ मात्र कागदावरच राहिला. नाव नसल्यामुळे तो सुक्या कचऱ्यात लपतो. सुक्या कचऱ्यात लपलेली सुई पुढे कचरा निवडणाऱ्या एखाद्या बाईच्या बोटात शिरते. समितीनं पहिली बैठक या नावावर घालवली तरी ती सत्कारणी लागेल. तंजावूरच्या बायका घरात, बाजारात, देवळात सहज बोलतील असा तमिळ शब्द हवा, आणि तो त्यांनीच काढलेला हवा.

घातक वस्तू चुकून भंगारात गेली की काय होतं, याची जखम तमिळनाडूच्या अंगावर आहे. कोडैकानलमध्ये हिंदुस्थान लिव्हरचा पाऱ्याचे थर्मामीटर बनवणारा कारखाना होता. १९८० च्या दशकात अमेरिकेतली यंत्रसामग्री आणून तो उभारला गेला होता. २००१ च्या मार्चमध्ये गावातल्या एका भंगाराच्या दुकानात पोती भरून पडलेली कित्येक टन काच स्थानिक पर्यावरणप्रेमींना सापडली, आणि तिच्यात पारा होता. भंगारवाल्याच्या लेखी ती नुसती काच होती; काचेला भाव होता, पाऱ्याला वास नव्हता. पळनी हिल्स कॉन्झर्व्हेशन कौन्सिल या स्थानिक नागरिकांच्या संघटनेनं ग्रीनपीसबरोबर ही गोष्ट चव्हाट्यावर आणली आणि कारखाना बंद पडला. २००३ मध्ये पाराअंश असलेला कचरा जहाजानं अमेरिकेला परत पाठवावा लागला. माजी कामगारांशी कंपनीचा समझोता व्हायला २०१६ साल उजाडलं. त्या डोंगरातली माती स्वच्छ करण्याचा प्रश्न त्यानंतरही रेंगाळत राहिला.

ट्यूबलाइटमध्ये पारा असतो तो काही मिलिग्रॅम. कोडैकानलशी त्याची तुलना मापानं करता येणार नाही. वाट मात्र तीच आहे: घर, घंटागाडी, भंगाराचं दुकान, ढीग. तसल्या शेकडो नळ्या गाडीत खडखडत फुटतात तेव्हा त्यातली वाफ पहिल्यांदा गाडीवरच्या माणसाच्या छातीत जाते. तो माणूस बहुधा त्याच त्या जातींतला असतो, ज्यांच्यावर आपल्या समाजानं पिढ्यानपिढ्या केर काढण्याचं काम लादलं. घातक कचरा वेगळा ठेवणं ही पर्यावरणाची बाब आहेच. त्याआधी ती त्या माणसाच्या हातांची आणि फुप्फुसांची बाब आहे. समितीच्या फलकावर पृथ्वीचं चित्र काढण्यापेक्षा हाताचा पंजा काढावा.

नागरिकांनी एकत्र येऊन कचरा हाताळण्याचा वारसा तमिळनाडूत मोठा आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस चेन्नईत एम. बी. निर्मल या बँक अधिकाऱ्यानं एक्स्नोरा ही चळवळ सुरू केली. पद्धत साधी. एका गल्लीतल्या घरांनी वर्गणी काढायची, तीनचाकी सायकल घ्यायची आणि कचरा वेचणाऱ्या माणसालाच सन्मानानं कामावर ठेवायचं. त्याला त्यांनी ‘स्ट्रीट ब्यूटिफायर’ म्हटलं. तो घरोघर जाऊन कचरा घ्यायचा, विकण्याजोगं विकून वर चार पैसे मिळवायचा. बघता बघता गल्लोगल्ली अशा शाखा निघाल्या आणि चळवळ चेन्नईबाहेरही पसरली. मुंबईत १९९० च्या दशकात घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी आपल्या गल्लीचा कचरा हातात घेतला. महापालिकेनं त्याचंच रूप घेऊन एएलएम, म्हणजे प्रगत परिसर व्यवस्थापन, ही योजना शहरभर नेली. इतकंच कशाला, देशातले कचऱ्याचे पहिले नियम, २००० सालचे, आले तेही बेंगळुरूच्या आल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात केलेल्या जनहित याचिकेमुळे.

आणि तरीही या गल्ली समित्यांपैकी पुष्कळशा विझल्या. हे लपवण्यात अर्थ नाही. तंजावूरला नवी समिती काढायची असेल तर या विझण्याचाच अभ्यास आधी करायला हवा. चेन्नईत २००० साली काही विभागांचं सफाईचं काम ओनिक्स या खासगी कंपनीला दिलं गेलं. महापालिकेची गाडी दारात यायला लागल्यावर वर्गणी कशासाठी द्यायची, असा प्रश्न लोकांना पडला, आणि तो रास्तच होता. मुंबईतल्या कित्येक एएलएम पहिल्या पिढीतले उत्साही सेवानिवृत्त लोक थकल्यावर नावापुरत्या उरल्या. दोन्हीकडे समित्यांनी जे काम अंगावर घेतलं होतं ते मुळात पालिकेचं होतं: कचरा उचलणं. पालिका उशिरा का होईना आली, आणि समितीला करण्यासारखं राहिलं नाही.

शिवाय या समित्या मध्यमवर्गीय गल्ल्यांत फुलल्या आणि झोपडपट्टीच्या तोंडाशी थांबल्या. तंजावूरमध्ये राजवाड्याभोवतीच्या चार वीथींत समिती निघणं अवघड नाही. तिथं शिकलेली माणसं आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, कोणाकोणाचे मुलगे अमेरिकेत आहेत. पण जेबमालैपुरमच्या ढिगाशेजारी राहणारी बाई त्या समितीत बसणार नसेल, तर ती समिती आपल्याच दाराची सफाई करत बसेल. कायलान कडैचा मालक आणि गाडीवरचा तूय्मै पणियाळर यांनाही पहिल्या दिवसापासून सतरंजीवर जागा हवी. त्यांना जे ठाऊक आहे ते समितीतल्या इतर कोणालाच ठाऊक नसतं.

ही गोष्ट पुण्यानं करून दाखवली आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली. २००८ मध्ये तिच्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. तिचे मालक कचरावेचकच आहेत, आणि महापालिकेशी करार करून त्या बायका घरोघरचा कचरा घेतात. त्यांना रोज सोसावी लागणारी सर्वांत मोठी किळस होती ती सुक्या कचऱ्यात उघडे टाकलेले सॅनिटरी पॅड आणि लहान मुलांचे, आजारी म्हाताऱ्यांचे डायपर. त्यांनी नागरिकांना एवढंच सांगितलं: वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. ठिपका दिसला की हात सावध होतो. ‘रेड डॉट’ नावानं ही मोहीम पुढे इतर शहरांत गेली. त्याआधी २०१३ मध्ये याच संघटनेनं वापरलेल्या पॅडची पाकिटं थेट ती बनवणाऱ्या कंपन्यांच्या पत्त्यावर धाडली होती. वस्तू विकताना तिच्या विल्हेवाटीचा विचार तुम्हीही करा, असं सांगण्याची ती धाडसी रीत होती, आणि ते सांगायचा हक्क त्या बायकांइतका दुसऱ्या कोणाला नव्हता.

लाल ठिपक्याला खर्च शून्य आहे. तंजावूरच्या समितीनं तो उद्या उचलावा.

सुयांची गोष्ट त्याहून गंभीर आहे आणि तिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक माणसांना मधुमेह आहे. त्यातले जे इन्शुलिन घेतात त्यांच्या घरात दिवसाला एक, दोन, कधी चार टोचण्या होतात. दवाखान्यातल्या सुईला कायदा आहे, तिच्यासाठी वेगळा डबा आणि वेगळी गाडी आहे. तीच सुई घरात वापरली की बहुधा टोपण लावून केराच्या टोपलीत जाते आणि टोपण गाडीत निघून पडतं. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनी यावर वाट सांगितली आहे: घरातला असा कचरा वेगळ्या पिशवीत पालिकेनं घ्यावा आणि वैद्यकीय कचऱ्याच्या सामाईक केंद्राकडे सोपवावा. तंजावूरमध्ये राजा मिरासदार रुग्णालय आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे, गल्लोगल्ली दवाखाने आणि औषधांची दुकानं आहेत. सुया विकणाऱ्या प्रत्येक दुकानात जाड प्लॅस्टिकची एक बरणी ठेवायची, ती भरली की तोंड चिकटपट्टीनं बंद करायचं आणि पालिकेच्या ठरलेल्या गाडीत द्यायची. दुकानदारानं हो म्हणावं यासाठी दोनतीन चकरा माराव्या लागतील. आयुक्तांना चिठ्ठी पाठवून हे होत नाही. ज्या दुकानातून गेली वीस वर्षं औषध घेतलं त्या दुकानदाराच्या ओळखीनं होतं. समितीचं भांडवल ती ओळख आहे.

उरलेल्या औषधांसाठी केरळनं २०२५ मध्ये कोळिकोडमधून ‘एन-प्राउड’ हा कार्यक्रम सुरू केला. न वापरलेल्या आणि मुदत संपलेल्या गोळ्या घरांतून परत घ्यायच्या आणि शास्त्रीय पद्धतीनं जाळून टाकायच्या. शेजारच्या राज्यात जमतं ते कावेरीच्या काठावर न जमण्याचं कारण दिसत नाही. तंजावूरचं सांडपाणी आणि पावसाचं पाणी शेवटी भातशेतीतच जातं. मोरीत ओतलेलं प्रतिजैविक तिथं जाऊन कोणत्या जंतूला बळकट करेल, याची काळजी जो तो तांदूळ खातो त्यानं करायला हवी.

बाकी वस्तूंची काळजी घरातच घेता येते आणि ती शिकवायला अर्धा तास पुरतो. सेल कोरड्या बरणीत साठवावे. मोबाइलच्या लिथियम बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावावी, कारण दोन टोकं एकमेकांना लागली की ठिणगी पडते, आणि सुक्या कचऱ्यातली ठिणगी म्हणजे ढिगाची आग. ट्यूबलाइट तिच्याच खोक्यात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून उभी ठेवावी. फुटलीच तर खिडक्या उघडून पंधरा मिनिटं खोलीबाहेर जावं. झाडू फिरवू नये, त्यानं पारा पसरतो. जाड पुठ्ठ्यानं काचा उचलून बारीक चुरा चिकटपट्टीनं टिपावा आणि सगळं झाकणाच्या बरणीत बंद करावं. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी आणि त्याच वर्षीच्या ई-कचरा नियमांनी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. महिनाभराचे सेल एका घरात मूठभर असतात; तीनशे घरांचे एकत्र आले की ते न्यायला अधिकृत पुनर्वापर करणारा येतो. एकट्या घरासाठी तो कधीच येणार नाही.

हे सगळं महापालिकेनंच का करू नये, असं कोणी विचारेल. करावंच, आणि समितीनं ते मागावंही. दोन जमा केंद्रं कुठं आहेत, त्यांच्या वेळा काय, तिथून कचरा महिन्यातून किती वेळा उचलला जातो, हे प्रश्न विचारण्याची जागा आता कायद्यानंही दिली आहे. तमिळनाडूच्या शहरांत प्रभाग समित्या आणि त्यांच्या खाली क्षेत्रसभा नेमण्याचे नियम २०२२ मध्ये झाले आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला पहिल्या क्षेत्रसभा भरल्या. तंजावूरच्या ५१ प्रभागांत अशी सभा भरली की रस्ता, दिवे, पाणी यांची यादी निघते. त्या यादीत तिसरी टोपली यायला कोणीतरी उठून बोलावं लागतं, आणि हातात तीन महिन्यांची वही असेल तर बोलण्याला वजन येतं: किती नळ्या, किती किलो सेल, किती बरण्या सुया, आणि त्यातलं किती पालिकेनं नेलं.

वहीची परंपरा तर या शहराच्या रक्तात आहे. सरफोजी राजे १७९८ ते १८३२ या काळात तंजावूरच्या गादीवर होते. त्यांनी धन्वंतरी महाल काढून माणसांच्या आणि जनावरांच्या औषधांचा अभ्यास चालवला. त्यांच्याकडे आलेल्या डोळ्यांच्या रुग्णांचे कागद, डोळ्यांच्या चित्रांसह, सरस्वती महालात जपलेले आहेत. किल्ल्यातले तलाव, विहिरी आणि जमिनीखालची गटारं यांचं श्रेयही त्यांना दिलं जातं. रोग, पाणी आणि घाण यांचा एकमेकांशी संबंध आहे हे ओळखणारा आणि पाहिलेलं लिहून ठेवणारा तो राजा होता. तंजावूर दरबाराचे मोडी कागद तर रुमालांच्या रुमालांनी उरले आहेत.

मोडीचं नाव निघालं म्हणून एक आग्रहाची सूचना. तंजावूरच्या समितीनं जुने कागद गोळा करताना काट्यावर टाकण्याआधी प्रत्येक गठ्ठा उघडून पाहावा. ज्या शहरात जवळजवळ दोन शतकं मोडीत हिशोब लिहिले गेले तिथं एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर आजोबांच्या आजोबांची कागदपत्रं असणं अगदी शक्य आहे, आणि नातवंडांना ती लिपी वाचता येत नाही. त्यांच्या दृष्टीनं ती रद्दी. मोडी ओळखणारा एकजण समितीशी जोडलेला असावा. तमिळ विद्यापीठ गावातच आहे. उरलेल्या खऱ्या रद्दीला इथं एक सुंदर वाटही आहे. तंजावूरची मान डोलावणारी बाहुली, तलैयाट्टी बोम्मै, कागदाच्या लगद्यातूनही घडवली जाते आणि तिला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. शाळांमधल्या जुन्या वह्या थेट बाहुली घडवणाऱ्यांकडे पोचवण्याची व्यवस्था समितीनं केली, तर आपली वही कुठं गेली हे पोराला डोळ्यांनी दिसेल.

सुरुवात कुठून करायची हे वेंगुर्ल्यानं दाखवलं. सिंधुदुर्गातल्या त्या छोट्या नगरपालिकेत २०१५ नंतर मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात कचरा वीसहून अधिक प्रकारांत वेगळा होऊ लागला आणि कचरा टाकायच्या जागेवर लोक सहलीला यायला लागले. वेंगुर्लं तंजावूरच्या मानानं खूप लहान आहे, म्हणून तो पट जसाच्या तसा उचलता येणार नाही. पण एक प्रभाग वेंगुर्ल्याहून मोठा नसतोच.

तंजावूरच्या एका प्रभागानं पुढच्या भोगीला असं करून पाहावं. आदल्या रविवारी देवळाच्या किंवा शाळेच्या आवारात चार टेबलं मांडायची. पहिल्यावर कायलान कडैचा माणूस काटा घेऊन, दुसऱ्यावर कपडे आणि गाद्या, तिसऱ्यावर कागद आणि मोडी ओळखणारा माणूस. चौथ्या टेबलावर लाल अक्षरांतली पाटी, तीन झाकणाच्या बरण्या, ट्यूबलाइटसाठी उभं खोकं आणि एक वही. मागे पालिकेची गाडी, तिच्यावरच्या कामगारांच्या हातात जाड हातमोजे. आणि पहाटे दारासमोर पेटवायला चटई, केरसुणी, सूप आणि नारळाच्या झावळ्या.